अक्षरांच्या कडेचे रंग

संगणकावरील मजकुराचे काही जुने स्क्रीनशॉट मिळवा आणि आठ-दहा पट मोठे करून पाहा. काही चित्रांत अक्षरांना नुसत्या काळ्या पायऱ्या दिसतील, काहींत कडेला राखाडी चौकोन, तर काहींत डावीकडे तांबूस आणि उजवीकडे निळसर झाक. मजकूर तर काळाच होता. मग हे रंग आले कुठून?

आलेखाच्या कागदावर पूर्ण चौकोन भरूनच ‘र’ काढायचा म्हटले, तर तिरक्या रेषेला पायऱ्या पडणारच. पडद्यावरचे चौकोन म्हणजे पिक्सेल. यावर उपाय असा : अक्षराने चौकोनाचा जेवढा भाग व्यापला, तेवढाच तो गडद करायचा. दुरून पाहताना डोळ्याला कड सरळ भासते. अशा राखाडी छटांच्या अक्षरांवर जॉन वॉर्नॉक यांनी १९८० साली शोधनिबंध लिहिला. हेच पुढे अडोबी कंपनीचे एक संस्थापक झाले.

मग एलसीडी पडदे आले. त्यांच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये सहसा लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. पट्ट्या स्वतंत्रपणे कमीजास्त उजळल्या, तर आडव्या दिशेत जवळजवळ तिप्पट बारकावा मिळतो. या तत्त्वावरचे ‘क्लिअरटाइप’ मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ते आले. अक्षराच्या डाव्या कडेशी लाल पट्टी उजळ उरते, उजव्या कडेशी निळी. म्हणून ती झाक! देवनागरीत याचा फायदा उभ्या कान्याला होतो, आडव्या शिरोरेषेला नाही.

आता खरी मेख पाहा. स्क्रीनशॉटमध्ये अक्षर साठवले जात नाही. साठतात ते प्रत्येक पिक्सेलच्या रंगाचे आकडे. ते एका विशिष्ट पडद्यासाठी काढलेले असतात. पट्ट्यांचा क्रम उलटा असलेल्या पडद्यावर, आडव्या धरलेल्या फोनवर किंवा छपाईत तो हिशेब चुकतो. गुळगुळीतपणा जातो, रंग मात्र उरतात. पुढे पडदेच इतके बारीक झाले, की अ‍ॅपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीत रंगीत पद्धत सोडून राखाडी छटांवरच भागवले.

विद्यार्थ्यांसाठी टिपण किंवा प्रश्नपत्रिका जपायची असेल, तर मजकूर मजकूर म्हणूनच ठेवावा. चित्र ठेवले, तर अक्षरासोबत त्या काळचा पडदाही जपला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तोच पुरावा ठरतो.