एका महिन्याची मुदत

शी-श्या राज्य बुडण्याच्या आठ वर्षे आधी
ख्वारझमच्या स्वारीसाठी चंगीझखानाने तांगुत लोकांच्या मांडलिक शी-श्या राज्याकडे फौज मागितली. आशा गांबू नावाच्या तांगुत सरदाराने टोमणा मारला, बळ पुरत नाही तर खान कशाला म्हणवून घेतोस? या उर्मटपणानेच राज्य बुडाले, असे मंगोल परंपरा सांगते. मला ते अर्धेच पटते. उत्तर चीनच्या जिन साम्राज्याशी लढताना असा शेजारी पाठीमागे ठेवणे कोणत्याही सेनापतीला परवडणारे नव्हते.

दीड वर्ष आधी, १२२६
वाळवंटाच्या कडेचे खाराखोतो शहर मंगोलांच्या हाती पडले. मग सुजौ, गानजौ, लियांगजौ. शी-श्याचा सम्राट ली दवांग वारला, म्हणतात धास्तीने. गादीवर ली श्येन आला. हिवाळ्यात लिंगजौच्या मदतीला निघालेली तांगुत फौज गोठलेल्या पिवळ्या नदीवर कापली गेली.

सात-आठ महिने आधी, १२२७
राजधानी झोंगशिंगला, म्हणजे आजच्या यिनच्वानला, वेढा पडला. १२०९ च्या स्वारीत मंगोलांनी नदी अडवून याच शहरात पाणी सोडले होते. पण बांध फुटला आणि पाणी त्यांच्याच छावणीत घुसले. या खेपेला असला उद्योग झाला नाही. वेढ्याला फौज ठेवून खान स्वतः दक्षिणेकडची शहरे घेत सुटला. उपासमार आपले काम करणारच होती.

एक महिना आधी
धान्य संपलेले, रोगराई पसरलेली, त्यात भूकंप झाला. ली श्येनने शरणागती कळवली, मात्र नजराणा जमवायला आणि लोकांना हलवायला एक महिना मागितला. खानाने तो दिला. उदारपणा कसला, सावज जाणार होते कुठे?

मुदतीच्या आत, ऑगस्ट
ल्यूपान डोंगरात उन्हाळा काढलेला चंगीझखान आजाराने मेला. तटाआड ही बातमी गेली असती, तर दरवाजे उघडले असते का? मरण लपवायचे आणि राजा बाहेर येताच त्याला मारायचे, असे त्याने आधीच बजावले होते.

घटका भरली
ली श्येन वचनाप्रमाणे बाहेर आला आणि मारला गेला. मागोमाग शहरात कत्तल सुरू झाली. १०३८ पासूनचे राज्य संपले, राजांची थडगीही लुटली गेली. जे थोडे वाचले ते चागानच्या रदबदलीने. हा मंगोलांचा सेनानी जन्माने तांगुत होता, आणि आदल्या वर्षी ते गानजौवर चालून आले तेव्हा तिथला किल्लेदार त्याचाच बाप होता.