ग्रामसभा
गावातील सर्व नोंदणीकृत मतदारांची सभा. प्रातिनिधिक लोकशाहीत नागरिक स्वतः निर्णयात भाग घेतात, असे हे दुर्मीळ व्यासपीठ. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल २४ एप्रिल १९९३) तिला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात तिचे कामकाज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार चालते. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरते. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असलेली संख्या आवश्यक असते. विकास आराखडा, खर्च व लाभार्थी निवड यांवर येथे चर्चा होते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेऊन तिचे सामर्थ्य सिद्ध केले. उदारमतवादी लोकशाहीचे भवितव्य जगभर चर्चेत असताना, सत्तेला जाब विचारण्याची सवय प्रथम येथेच रुजते. म्हणून तिचे मोल मोठे.