मॅट्रिकनंतरची वाट : सिहोऱ्याहून नागपूरपर्यंत

ज्यांच्या घरीं मुलगा अगर मुलगी शाळेची शेवटली परीक्षा उत्तीर्ण होऊन बसली आहे, त्यांस ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न नवा नाहीं. जुबिलीच्या निमित्तानें मागें वळून पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, शंभर वर्षांपूर्वींही तो असाच होता. मात्र तेव्हां त्यास उत्तरें थोडीं होतीं, व तीं सर्व दूर होतीं. उदाहरणादाखल भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील सिहोरा हें गांव घेऊं.

हा धानाचा मुलूख. येथल्या मॅट्रिक झालेल्या मुलास पुढें शिकावयाचें तर तुमसर रोड स्टेशनावर गाडी धरून नागपूर गांठावें लागे. तेथें स्कॉटिश मिशनचें हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून व मॉरिस कॉलेज १८८५ पासून होतें. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं निघालें. तत्पूर्वीं हीं कॉलेजें दूरच्या अलाहाबाद विद्यापीठास जोडलेलीं होतीं. शेतकी कॉलेज १९०६ सालीं आलें, आणि १९१४ सालीं सरकारी इंजिनिअरिंग स्कूल व रॉबर्टसन वैद्यकीय शाळा. आमच्या समाजाचें म्हणावें तर सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा नागपुरांत १८७० पासून चालू होती, पण त्याच नांवाचें कॉलेज १९५६ सालीं निघालें. मध्यें शहाऐंशी वर्षें गेलीं! शिवाय रोज गांवाहून जाणें-येणें अशक्य. म्हणजे फी निराळी, खाणावळ निराळी, खोलीचें भाडें निराळें. धान एका हंगामाचें आणि खर्च बारा महिन्यांचा.

आश्चर्य असें कीं, उद्योग मात्र घराजवळच होता. याच तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीच्या खनिजाचा उपयोग विजेरीचे सेल करण्याकडेही होतो. कामठीचे खाणमालक रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनीं आपली संपत्ति उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठीं नागपूर विद्यापीठास मृत्युपत्रानें दिली, आणि तींतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. जमिनींतून निघालेला पैसा असा विद्येकडे वळला ही गोष्ट थोर खरी. परंतु खेड्यांतील सामान्य मुलास त्या संस्थेचें दार उंचच होतें.

हातानें काम शिकविणारी सोय त्यानंतर आली. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालीं सुरू झाली, व तींतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली ‘आयटीआय’, पुढें तालुक्यांच्या गांवांपर्यंत पोहोंचली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यामुळें कारखान्यांत शिकतांना विद्यावेतन मिळूं लागलें. खाणींत ब्लास्टर व मेट होण्यास सरकारी प्रमाणपत्र लागतें, आणि फिटर व वीजतंत्री तर सर्वत्रच लागतात.

असें असतां, ‘नापास झालेल्यांनीं आयटीआयला जावें’ असें आमच्यांतील शहाणे लोक अजूनही बोलतात, हें ऐकून आम्हांस खेद होतो. लेखणीच्या नोकरीस जो मान आम्हीं दिला, तो पान्यास दिला नाहीं. मुलगा कसाबसा बी. ए. च्या पहिल्या वर्षास बसतो, दुसऱ्या वर्षीं कॉलेज सोडतो, आणि ना पदवी ना धंदा अशा स्थितींत नागपूर-पुण्याकडे रोजगार शोधीत फिरतो. वास्तविक ही वाट पुढें बंद होणारी नव्हे. दहावीनंतर फिटर किंवा वीजतंत्री यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास पॉलिटेक्निकच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो, व पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीच्याही दुसऱ्या वर्षांत. म्हणजे जिन्याची पायरी जरा बाजूस आहे, इतकेंच.

मुलींविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींस महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ पासून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो प्रवेशाच्या गर्दींत मागावयास गेल्यास हमखास उशीर होतो. निकालाची वाट न पाहतां घरच्या मंडळींनीं तो तहसील कचेरींतून आधींच आणून ठेवावा.