यांकोविक, फ्रँकी
यांकोविक, फ्रँकी : (२८ जुलै १९१५–१४ ऑक्टोबर १९९८). स्लोव्हेनियन शैलीच्या पोल्का संगीताचे अमेरिकन अकॉर्डियनवादक, गायक व वाद्यवृंदप्रमुख. जन्म वेस्ट व्हर्जिनियातील डेव्हिस येथे, स्लोव्हेनियन स्थलांतरित कुटुंबात. बालपण ओहायोतील क्लीव्हलंडच्या कॉलिनवुड भागात गेले. घरी राहणाऱ्या एका भाडेकरूकडून ते बटणांचे अकॉर्डियन शिकले. पुढे पियानो-अकॉर्डियनकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर त्यांच्या हातापायांना हिमदंश झाला. डॉक्टरांनी ते कापण्याचा सल्ला दिला, पण त्यांनी नकार दिला आणि पुढे बोटे पुन्हा वाद्यावर फिरू लागली.

पोलिश धर्तीच्या पोल्कात ट्रम्पेट-क्लॅरिनेटचा जोर असतो. यांकोविक यांच्या वाद्यवृंदात मात्र अकॉर्डियन अग्रभागी, सोबतीला बँजो, पियानो, बास व ड्रम अशी सुटसुटीत रचना होती. स्लोव्हेनियन चालींना त्यांनी इंग्रजी शब्दांची जोड दिली. या शैलीचे ते जनक नव्हेत. वस्तीतल्या सभागृहांतील नाचगाणे देशभर नेणे, हे त्यांचे खरे कर्तृत्व. गंमत म्हणजे त्यांची दोन सर्वांत गाजलेली गाणी स्लोव्हेनियन नव्हतीच : ‘जस्ट बिकॉज’ (१९४८) हे मूळचे कंट्री गीत, तर ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’ (१९४९) ही चेक चाल. १९४८ मध्ये मिलवॉकी येथील स्पर्धेत त्यांना ‘अमेरिकेचा पोल्का-सम्राट’ हा किताब मिळाला. वर्षातील बहुतेक दिवस ते दौऱ्यांवर असत. पोल्कासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार १९८६ मध्ये त्यांना देण्यात आला. फ्लॉरिडा राज्यात त्यांचे निधन झाले. विडंबनगायक ‘विअर्ड अल’ यांकोविक हे आडनावबंधू, नातेवाईक नव्हेत.