शिसे, चुना आणि सिमेंट : समुद्रात रोवलेल्या पायांचा इतिहास

वर्धा जिल्ह्यात विहीर खणताना काळी माती संपते, मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा पाषाण पश्चिमेकडे सह्याद्रीपर्यंत अखंड पसरला आहे. तो किनाऱ्यावरही थांबत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या तळाखाली कित्येकशे मीटर चुनखडकाच्या आणि गाळाच्या थरांखाली तो पुन्हा सापडतो. ती जागा म्हणजे ‘मुंबई हाय’, भारताचे सर्वांत मोठे सागरी तेलक्षेत्र. तेथे सत्तर-पंचाहत्तर मीटर खोल पाण्यात पोलादी मनोरे उभे आहेत. ते लाटांनी आडवे का होत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर एका अरुंद फटीत आहे. ही फट कशाने भरायची, हा प्रश्न मात्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेलाच्या शोधापेक्षा तीन शतके जुना आहे.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांच्या हस्ते सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सिद्दी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांच्या आरमारांना तोंड द्यायचे तर समुद्रातच पाय रोवणे भाग होते. बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव परंपरेने जोडले जाते. सुमारे तीन वर्षांनी, १६६७ मध्ये, किल्ला उभा राहिला. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतून ते खडकाशी जखडले, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. शिसे नेमके किती लागले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नये. शिसेच का, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

लाट भिंतीवर आदळते तेव्हा ती दगडाला ढकलते, एवढेच सहसा लक्षात घेतले जाते. खरा धोका सांध्यात असतो. दोन चिऱ्यांमधील फटीत पाणी प्रचंड दाबाने घुसते, आतली हवा दाबली जाते आणि लाट मागे सरताच हाच दाब चिऱ्याला आतून बाहेर ढकलतो. एका पावसाळ्यात हे लाखो वेळा घडते. चिरा केसभर हलला की फट रुंदावते, पुढची लाट अधिक पाणी आत नेते आणि एके दिवशी तो निखळून पडतो. म्हणून फट भरावी लागते. साधा चुना खाऱ्या पाण्यात घट्ट होण्याआधीच धुऊन जातो. शिसे मात्र ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, लोहाराच्या भट्टीत सहज पातळ होते, चिंचोळ्या जागेत वाहत जाते आणि थंड होताच पकड घेते. ते लोखंडासारखे गंजत नाही, आणि मऊ असल्यामुळे चिरा किंचित हलला तरी तडकत नाही.

शिशाची अडचणही तशीच मोठी. ओल्या फटीत तापलेले शिसे ओतले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. पायाचे असे काम करायचे तर ओहोटीच्या मोजक्या तासांत जागा उघडी पडायला हवी, ती कोरडी करायला हवी आणि भरती परतण्यापूर्वी ओतकाम संपायला हवे. शिवाय शिसे महाग होते. इंग्रज व्यापारी ते जहाजांतून आणून विकत आणि बंदुकीच्या गोळ्याही त्याचीच होत. पायात गेलेले प्रत्येक मण शिसे दारूगोळ्याच्या हिशेबातून वजा होत होते. समुद्रात पाय रोवणे राज्याला किती मोलाचे वाटत होते, ते यावरून कळते.

मुरूडजवळच्या कासा बेटावरील पद्मदुर्गाकडे पाहिले की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या तोंडासमोर हा किल्ला बांधला गेला. त्याला रसद व पैका वेळेवर न पोहोचवल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांची महाराजांनी कठोर कानउघाडणी केली, ते पत्र इतिहासप्रेमींना परिचित आहे. आज पद्मदुर्गाच्या तटाजवळ उभे राहिले की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी चिरे आत खोलवर झिजले आहेत, आणि त्यांच्यामधला चुना मधमाश्यांच्या पोळ्याच्या भिंतींसारखा पुढे उभा आहे. दगड गेला, दर्जा राहिली! क्षाराचे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, सुकताना त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. त्या माऱ्यात हा चुना दगडापेक्षा चिवट ठरला.

असा चुना करण्याची विद्या जगात अनेक ठिकाणी वेगवेगळी जन्मली. आपल्याकडे घाणीत मळलेल्या चुन्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळत. रोमन लोक नेपल्सच्या परिसरातील ज्वालामुखी राख वापरत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस राजा हेरोदाने सीझरिया बंदर बांधले तेव्हा ही राख भूमध्य समुद्र ओलांडून नेण्यात आली. विटेची पूड काय किंवा राख काय, तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि ते मिश्रण हवेवाचून, थेट पाण्याखालीही कठीण होते. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टन खडकावर दीपगृह बांधताना चुनखडीचे निरनिराळे नमुने तपासले आणि चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे शोधून काढले. त्याच वाटेने पुढे १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याने मात्र या साऱ्याला बगल दिली. १६८० मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत जाते, विभागते आणि जोर हरवून परत येते. फट भरून टाका किंवा ती इतकी मोकळी ठेवा की दाबच साचणार नाही, असे हे दोन मार्ग. दुसरा मार्ग स्वस्त आणि देखणा आहे, पण त्यासाठी प्रत्येक चिरा स्वतःच्या वजनानेच जागचा न हलण्याइतका जड हवा. पोलादी मनोऱ्याला ही चैन परवडत नाही.

मुंबई हायची कहाणी फेब्रुवारी १९७४ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदयंत्राला तेथे तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना हा शोध देशासाठी किती मोठा होता, हे सांगायला नको. ‘सागर सम्राट’ हे पायांवर उभे राहणारे, पण फिरते यंत्र. पाय खाली सोडायचे, विहीर खोदायची, पाय उचलायचे आणि पुढे निघायचे. तेल वर्षानुवर्षे काढायचे तर पक्का मनोरा लागतो.

या मनोऱ्याच्या पाण्यातील भागाला जॅकेट म्हणतात. ती पोलादी नळ्यांची उंच जाळी असते. माझगाव डॉकसारख्या गोद्यांत अशी जॅकेटे किनाऱ्यावर तयार झाली. ती तराफ्यावर आडवी घालून समुद्रात न्यायची, पाण्यात सोडायची आणि उभी करायची. उभे राहिलेले जॅकेट सुरुवातीला नुसते तळावर टेकलेले असते, एखादी तिवई अंगणात ठेवावी तसे. मग त्याच्या पायांतून, किंवा पायांभोवती जोडलेल्या रुंद बाह्यांतून, जाड पोलादी पाइल अवजड हातोड्याने तळात खोल ठोकतात. पाइल जमिनीत पक्का बसतो. पण पाइल आणि बाही यांच्यामध्ये काही सेंटिमीटरांची पोकळी उरतेच. ती नसती तर पाइल बाहीतून उतरलाच नसता.

ही पोकळी सिमेंटच्या पातळ घोळाने भरतात. त्यालाच ग्राउट म्हणतात. बाहीच्या तळाशी रबरी पट्टा फुगवून तोंड बंद करतात, वरच्या जहाजावर सिमेंट आणि पाणी घुसळतात आणि नळीतून घोळ खालून वर चढवतात. क्रम उलटा केला तर समुद्राचे पाणी आत अडकते आणि घोळ पातळ होऊन वाया जातो. वरच्या टोकातून आधी पाणी बाहेर येते, मग पाणीमिश्रित घोळ, आणि शेवटी शुद्ध घोळ. बाहेर पडणाऱ्या घोळाची घनता ठरल्याइतकी भरली की पंप थांबतो. त्याच घोळाचे ठोकळे पाडून त्यांची ताकद नंतर तपासतात. हे सारे पावसाळ्याच्या आत उरकायचे असते, कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत खवळलेला अरबी समुद्र असल्या कामाला उभे राहू देत नाही.

आता लाट येते. ती जॅकेटला आडवी ढकलते. एका बाजूचे पाइल खाली दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उपटले जाऊ पाहतात. जॅकेटच्या बाहीतून पाइलमध्ये जाणारा हा सारा ताण त्या सिमेंटच्या कड्याला सोसावा लागतो. म्हणून पाइलवर आणि बाहीच्या आतील बाजूस वेल्डिंगच्या बारीक कडा काढतात. सिमेंट त्यांत दातांसारखे अडकते. या कडा क्षुल्लक वाटतात, पण उत्तर समुद्रात त्यांच्या अभावाची किंमत मोजावी लागली. तेथील अनेक पवनचक्क्यांच्या खांबांत गुळगुळीत नळीवर गुळगुळीत नळी बसवून मध्ये ग्राउट भरले होते. २००९-१० च्या सुमारास पाहणीत आढळले की वरचा भाग हळूहळू खाली सरकत आहे.

मुंबई हायच्या तळाने आणखी एक पेच टाकला. तेथील वाळूत शंखशिंपल्यांचा आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुरा मोठ्या प्रमाणात आहे. असे कण आतून पोकळ आणि ठिसूळ असतात. पाइल ठोकताना ते चिरडले जातात, पाइलच्या अंगावरचा मातीचा दाब घटतो आणि घर्षणाने मिळणारी पकड अपेक्षेच्या कितीतरी खाली येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन मनोऱ्याचे पाइल १९८२ मध्ये अशाच तळात बसवताना सुमारे साठ मीटर जवळजवळ विनासायास खाली गेले, आणि पाया पुन्हा मजबूत करण्यासाठी पुढे अफाट खर्च आला. अशा जागी एक उपाय म्हणजे पाइल ठोकण्याऐवजी आधी छिद्र पाडायचे, त्यात पोलादी नळी सोडायची आणि नळीभोवती ग्राउट भरायचे. घोळ छिद्राच्या खडबडीत भिंतीला चिकटतो आणि हातोड्याने हरवलेली पकड परत मिळते. येथे ग्राउट दुहेरी काम करतो : पोलादाला जमिनीशी बांधतो आणि जमिनीला स्वतःशी.

सिंधुदुर्गाचा चिरा कोणीही ओहोटीला जाऊन हाताने चाचपू शकतो. पाण्याखाली दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये बंद असलेले सिमेंट मात्र एकदा भरले की कुणाच्या नजरेस पडत नाही. पाणबुडे बाहेरचा गंज पाहतात, वेल्डिंगच्या भेगा तपासतात. आतल्या कड्याबद्दल बहुतांशी भरवसा ठेवावा लागतो तो त्या दिवशीच्या घनतेच्या नोंदीवर आणि ठोकळ्यांच्या चाचणीवर. अशा मनोऱ्यांचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरून आखणी होत असे. मुंबई हायवरील कित्येक मनोऱ्यांनी ती मर्यादा कधीच ओलांडली आहे आणि ते अजून कामावर आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या जहाजावर घोळ किती नीट घुसळला गेला होता, हा आजही जिवंत प्रश्न आहे.

तळाशी जखडलेले असणे आणि नुसते नांगरलेले असणे यांतील अंतर मे २०२१ मध्ये निर्दयपणे समोर आले. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासाची ‘पी-३०५’ ही बार्ज नांगरांवर उभी होती. तिच्यावर २६१ माणसे होती. वादळात नांगर टिकले नाहीत, बार्ज वाहत गेली, वाटेत एका निर्मनुष्य मनोऱ्यावर आदळली, तिच्यात पाणी शिरले आणि १७ मे रोजी ती बुडाली. ‘आयएनएस कोची’सह नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून एकशे ऐंशीहून अधिक जणांना जिवंत बाहेर काढले. उरलेल्यांचा शोध पुढे कित्येक दिवस चालू होता.