पहिले नाटक आणि त्याचे प्रेक्षक

सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’ला आपण मराठीतील पहिले नाटक म्हणतो आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. हा मान कितपत खरा, ते एकदा तपासून पाहणे बरे, असे आम्हांस वाटते. साताऱ्याच्या छत्रपतींचे भाऊबंद जे तंजावरचे भोसले, त्यांपैकी शहाजीराजांच्या नावावर त्याहून दीडशे वर्षांपूर्वीची मराठी नाटके आहेत. मग सांगलीचे थोरपण कशात?

१८४२ मध्ये कर्नाटकातील कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली. तिचे खेळ पाहून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना आज्ञा केली, की असे खेळ मराठीत, पण अधिक नेटके करावेत. त्याप्रमाणे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. पदे लिहिलेली असत. ती सूत्रधाराने साथीदारांसह म्हणावीत, पात्रांनी त्यांवर अभिनय करावा आणि भाषणे ऐन वेळी जुळवावीत, अशी ती रीत होती. दरबार खूश झाला. पण खर्च सोसणारा धनी आणि वाखाणणारा धनी एकच असला, म्हणजे त्या पसंतीचे मोल किती धरावे?

खरी परीक्षा पुढे होती. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय सुटला. मंडळी मोडावी, की परमुलखात जाऊन नशीब काढावे? भाव्यांनी बिऱ्हाड उचलले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले आणि लोकांनी पदरचे पैसे मोजून ते पाहिले. पाठोपाठ इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या.

पुढे सुशिक्षितांनी राक्षसांच्या आरोळ्यांवरून या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि त्यांची सद्दी संपली. परंतु किर्लोस्करांच्या नाटकाला जो प्रेक्षक लाभला, त्याला पैसे देऊन नाटक पाहण्याची सवय याच खेळांनी लावली होती, हे विसरून चालणार नाही.

तंजावरची नाटके राजवाड्यात जन्मली आणि सरस्वती महालाच्या पोथ्यांत राहिली. सांगलीचे नाटकही राजवाड्यातच जन्मले. मात्र ते गावाची वेस ओलांडून गेले. म्हणून पहिलेपणाचा मान भाव्यांना देताना, त्या रात्री खिशात हात घालणाऱ्या अनाम मुंबईकरांनाही त्याचा वाटा द्यावा, असे आम्ही म्हणतो.