तारापूरचा करारनामा

बोईसर स्थानकावरून पश्चिमेस समुद्राच्या रोखाने गेले असता लागणारे तारापूर हे गाव दोन शतकांहून अधिक काळ जर कोणास ठाऊक असेल, तर ते तेथील किल्ल्यामुळे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, 1739 साली, तो किल्ला फिरंग्यांकडून घेताना बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, एवढीच इतिहासात त्याची नोंद. पुढे मात्र अमेरिकेच्या सिनेटमध्ये, कोकणच्या किनाऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या सभासदांनी हे नाव उच्चारून त्यावर मतदान करावे, असा योग आला. या स्थित्यंतराचे मूळ एका करारनाम्यात आहे, आणि अण्वस्त्रप्रसार रोखण्याच्या धोरणाचा इतिहास जिनीव्हा किंवा व्हिएन्ना येथील सभागृहांपेक्षा या करारनाम्याच्या कलमांवरून अधिक स्वच्छ वाचता येतो, असे माझे मत आहे.

1953 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत शांततेसाठी अणुशक्तीची घोषणा केली, तेव्हापासून पुढची दहा वर्षे हा अणुविद्येच्या औदार्याचा काळ होता. 1955 मधील जिनीव्हा परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभांकडे आले. तुर्भ्यास कॅनडाने अणुभट्टी दिली, तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले. आणि या सर्व देण्याघेण्यास जामीन काय, तर भट्टीचा उपयोग शांततेच्या कार्यासाठीच होईल असा लेखी इकरार. निरीक्षक नाहीत, मोजदाद नाही. या भट्टीची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढील अनर्थाचा उगम तिच्यात आहे, परंतु त्याचा दंड मात्र दुसऱ्याच ठिकाणी वसूल झाला.

तारापूरच्या वीजकेंद्राची गोष्ट निराळी होती. भाभांची दूरदृष्टी देशी युरेनियम आणि देशी थोरियम यांवर खिळलेली असली, तरी अणूपासून वीज किफायतीने निर्माण होते हे सरकारास व जनतेस लवकर दाखवून देण्याची निकड त्यांना भासत होती, आणि त्यासाठी जगभरातून निविदा मागवून त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या पसंत केल्या. या भट्ट्यांना अल्प प्रमाणात समृद्ध केलेले युरेनियम लागते, आणि ते त्या काळी भारतास तयार करता येत नव्हते. म्हणून 8 ऑगस्ट 1963 रोजी उभय सरकारांमध्ये तीस वर्षांच्या मुदतीचा करार झाला. सोबत 8 कोटी डॉलरचे कर्ज मिळाले, आणि 1969 च्या ऑक्टोबरात दोन्ही भट्ट्यांची वीज गुजरात आणि महाराष्ट्रास मिळू लागली.

या करारनाम्यातील तीन कलमे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की केंद्रास लागणारे समृद्ध युरेनियम संपूर्ण मुदतीत अमेरिकेनेच पुरवावे आणि भारतानेही तारापुरात दुसऱ्या कोणाचे इंधन वापरू नये; म्हणजे हा दुहेरी मक्ता होता, पुरवणारा जितका बांधलेला तितकाच घेणाराही. दुसरे असे की केंद्रावर देखरेख राहील, जी पुढे 1971 च्या त्रिपक्षीय करारान्वये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांकडे गेली. आणि तिसरे, जळालेल्या इंधनातील प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम भारतात करावयाचे, तर तशा प्रक्रियेवर परिणामकारक देखरेख ठेवता येईल असा निर्णय उभय पक्षांनी मिळून आधी करावयाचा. मसुदा लिहिताना हे तिसरे कलम केवळ कार्यपद्धतीचे वाटले असावे. प्रत्यक्षात तो संयुक्त निर्णय तीस वर्षांत एकदाही झाला नाही.

1968 साली अण्वस्त्रप्रसारबंदीचा तह सह्यांसाठी खुला झाला. 1 जानेवारी 1967 पूर्वी ज्यांनी स्फोट केला तेवढीच अण्वस्त्रधारी राष्ट्रे, बाकीच्यांनी कायमचा त्याग लिहून द्यावा, ही त्याची वाटणी भारतास मान्य झाली नाही आणि सही झाली नाही. मग 18 मे 1974 रोजी पोखरणचा स्फोट झाला. त्यातील प्लुटोनियम तुर्भ्याच्या त्या कॅनडियन भट्टीतले होते. दिल्लीने तो शांततामय प्रयोग म्हटला. कॅनडाने सहकार्य तोडले, आणि पुरवठादार राष्ट्रांनी लंडनला बैठका घेऊन आपली स्वतंत्र पंगत मांडली.

पोखरणनंतर अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने केलेला कायदा 10 मार्च 1978 रोजी अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने अमलात आला. ज्या देशाचे सर्वच अणुप्रकल्प देखरेखीखाली नाहीत, त्यास ठरावीक सवलतीच्या मुदतीनंतर इंधन देऊ नये, अशी त्याची मुख्य तरतूद होती. आता 1963 च्या करारात अशी अट नव्हती. एका पक्षाने आपल्या घरचा कायदा पंधरा वर्षांनी बदलावा आणि तो जुन्या इकरारावर मागे जाऊन लागू करावा, हे आमच्याकडील कोणत्याही मामलेदार कचेरीत टिकले नसते, असा भारताच्या म्हणण्याचा मथितार्थ होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. कायदा होण्याच्या दोनच महिने आधी कार्टर दिल्लीस आले होते. तारापूरसाठी इंधन पाठवण्यास संमती दिल्याचे त्यांनी संसदेत सांगितले खरे, परंतु चालू राहिलेल्या ध्वनिक्षेपकामुळे, मोरारजी देसाईंना कडक शब्दांत पत्र धाडण्याबद्दल ते परराष्ट्रमंत्री व्हान्स यांना सांगत असल्याचेही वार्ताहरांच्या कानी पडले.

1980 साली प्रकरण हातघाईवर आले. अडतीस टन इंधनाचा परवाना अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एकमताने नाकारला. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्यामुळे भारतास दुखवणे कार्टरना परवडणारे नव्हते, म्हणून जूनमध्ये त्यांनी आपल्या अधिकारात आयोगाचा निर्णय फिरवला. सप्टेंबरात प्रतिनिधिगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी अध्यक्षांना विरोध केला, आणि सिनेटमध्ये तो विरोध 46 विरुद्ध 48 असा अवघ्या दोन मतांनी फसला. दोन मतांच्या आधारावर कोणी वीजकेंद्र चालवू शकत नाही. अखेर 1982 मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोड निघाली, ती अशी की इंधन फ्रान्सने द्यावे, देखरेख पूर्ववत राहावी, आणि अमेरिकेने करार मोडला असे कोणी म्हणू नये.

या सर्व घडामोडीत एक विपर्यास आहे, ज्याकडे आमच्याकडील स्वाभिमानी लेखांत आणि तिकडील नैतिक लेखांत सारखेच दुर्लक्ष झाले. पोखरणच्या स्फोटाशी तारापूरचा लेशमात्र संबंध नव्हता. देशातील सर्वांत कडक देखरेख ज्यांवर होती अशा मोजक्या अणुकेंद्रांत त्याची गणना होत होती. ज्या भट्टीतून प्लुटोनियम निघाले तिच्यावर निरीक्षक नव्हते, म्हणून तिला हात लावण्याची सोयही नव्हती. दडपण आणायचे तर ते जेथे परक्याच्या मालावर अवलंबून राहण्याची कबुली लिहून दिली होती तेथेच आणता येत होते. बाकीच्या देशांनी यावरून जो धडा घेतला असेल, तो कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत असलेला खासच नव्हता.

जळालेल्या इंधनाचे जुडगे तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत साचत राहिले. प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना त्याच आवारात उभा होता, परंतु संयुक्त निर्णयाचे ते कलम आड येई. 1993 मध्ये कराराची मुदत संपली तेव्हा आता कोणतेही बंधन उरले नाही असे म्हणण्यास वाव होता. भारताने मात्र 1994 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी नवा करार करून देखरेख चालू ठेवली. पुढे इंधन चीनकडून आले, रशियाकडून आले.

2005 च्या जुलैत मनमोहन सिंग आणि बुश यांच्या संयुक्त निवेदनाने नवे पर्व सुरू झाले, तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी डॉ. अनिल काकोडकर होते. कोणते प्रकल्प नागरी म्हणून निरीक्षकांना खुले करावयाचे आणि कोणते राखून ठेवावयाचे, या वाटणीत बावीसपैकी चौदा भट्ट्या नागरी ठरल्या. तारापुरात याचा परिणाम चमत्कारिक झाला. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवून उभारलेल्या तिसऱ्या व चौथ्या देशी भट्ट्या निरीक्षणाबाहेर राहिल्या आणि जुन्या दोन परकीय भट्ट्या निरीक्षणाखाली. एकाच किनाऱ्यावर, एकाच केंद्राच्या नावाखाली, दोन कायदे नांदू लागले. सप्टेंबर 2008 मध्ये पुरवठादार राष्ट्रांनी भारतास सवलत दिली आणि 10 ऑक्टोबरला प्रणव मुखर्जी व कोंडोलिझा राइस यांनी नव्या करारावर सह्या केल्या. त्यात इंधनाचा पुरवठा खंडित झाल्यास काय करावयाचे याची कलमे भारताने हट्टाने घालून घेतली, राखीव साठ्याची तरतूदही करून घेतली. आणि प्लुटोनियम वेगळे करण्याची कार्यपद्धती 2010 च्या जुलैत स्वतंत्र करारान्वये ठरवून घेतली, ज्यात त्या कामासाठी निरीक्षणाखालील निराळा कारखाना बांधण्याची अट भारतानेही मान्य केली.